वीज कंपनीच्या हॉलचा स्लॅब

अकोल्याच्या वीज कंपनीची इमारत उभी राहिली त्या वर्षी खेड्यापाड्यातून लोक ती नुसती पाहायले येत. बैलगाड्या सोडत, समोरच्या लिंबाखाली बसत आणि मान वर करून पाहत राहत. उंचीचं म्हणाल तर दोन मजले फक्त, त्याच्याहून उंच कापसाच्या जिनिंगची चिमणी होती. पण अशी इमारत वऱ्हाडात तोवर कोणी पाहिली नव्हती. मोठी इमारत म्हणजे कमानी, कौलं, सागवानी खांब आणि हात-हात जाडीच्या भिंती, एवढंच लोकाले ठाऊक. हिले कमान नव्हती. रस्त्याकडचा कोपरा काटकोनात न ठेवता गोल वळवलेला. दारावरचा छज्जा सात हात बाहेर आलेला आणि त्याच्या खाली टेकू नाही. जिन्याच्या भिंतीत एकाखाली एक तीन गोल खिडक्या. पश्चिमेच्या अंगाले सिमेंटची जाळी, कारण अकोल्याचं दुपारचं ऊन भिंतीतूनही आत येते. चौथरा तेवढा आपल्या काळ्या दगडाचा, बाकी सगळं सिमेंट, सळई आणि रेती. आणि वरच्या मजल्यावर एक हॉल, ज्याच्यात एकही खांब नाही. म्हातारे लोक त्या हॉलमध्ये पाय ठेवायले भेत. "टेकूच नाही बाप्पा, हे कवा डोक्यावर येईल," म्हणून दारातूनच परत फिरत.

तो स्लॅब मी टाकला. म्हणजे दीडशे माणसांनी टाकला, पण पाटा माह्या हातात होता. हे मी आजवर छाती काढून सांगत आलो. पाहुणे आले की सांगे, जावई आला की सांगे, दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाले सुद्धा सांगितलं. मी सांगायले लागलो की गिरजा उठून चहा ठेवायले जाये. मले वाटे, शंभर वेळा ऐकलं म्हणून कंटाळली. गिरजा माही बायको. गेल्या पौषात गेली. आता मी अमरावतीत लेकीच्या घरी असतो, खायले-प्यायले कमी नाही, पण दुपारी चार वाजता चहाचं भांडं वाजलं की मी तिकडे पाहतो. आणि आता कळते की ती काहून उठून जाये. एवढा मठ्ठ मी, मले कळायले ती मरावी लागली.

तेव्हाचं सांगतो. आमी मूळचे अंजनगाव सुर्जीकडचे. बाप लवकर गेला. शेत नव्हतंच, दुसऱ्याच्या पानमळ्यात राबून पोट भरे. कंपनीच्या कामावर माणसं लागतात म्हणून माय, मी आणि गिरजा अकोल्याले आलो. लगन होऊन वर्षच झालं होतं. मी विशीतला, ती अठराची असंल. कामावरच टिनाच्या झोपड्या दिल्या होत्या, जुन्या पॉवरहौसच्या मागच्या भिंतीले चिकटून. पॉवरहौसमध्ये तेलाची मोठी इंजनं होती. दिवसरात्र डब-डब-डब-डब. माठातल्या पाण्यावर त्याची लहर दिसे. पहिले आठ दिवस झोप आली नाही, मग अशी सवय झाली की इंजन बंद पडलं की माणूस दचकून उठे. साऱ्या अकोल्याले उजेड आमच्या भिंतीपलीकडून जाये आणि आमच्या झोपडीत रॉकेलची चिमणी. गिरजाले त्याचं हसू येई. म्हणे, "पाणी भरणारीचाच माठ कोरडा."

खाणं म्हणजे ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी. गिरजाची भाकर मोठी, पातळ, तव्यावर टाकली की टम्म फुगे. माय म्हणे, "सून काळी आणली पण भाकर पांढरी करते." गिरजा म्हणे, "मामी, भाकर खाता का तोंड पाहता?" अशी दोघींची चाले. भांडण नव्हतं ते, करमणूक होती. गिरजा उंच होती, माह्याहून बोटभर जास्तच. सकू नावाची एक जोडीची मजूरीण होती, ती चिडवे, "किसनभाऊ, बायकोचा मुका घ्यायले शिडी लावता का?" मी लाजून दुसरीकडे पाहो, आणि गिरजा सगळ्यांत जोरानं हसे.

कामावरचे मोठे मिस्त्री गफूरभाई, अचलपूरचे. दाढी मेंदीनं लाल, कानाले ऐकू कमी, पण भिंतीवर थापी वाजवून आतली पोकळी सांगत. मी गिट्टी-रेती वाहणारा मजूर होतो. आमच्या वस्तीतला एकही माणूस तेव्हा मिस्त्री नव्हता. गारा कालवा, घमेलं उचला, दगड फोडा, हेच आमच्या वाट्याले. थापी हातात घेणारे वेगळे, आणि ते आपल्याच पोरांना शिकवत. गफूरभाईले पोरगा नव्हता. दुपारी सगळे लवंडले की मी त्यांच्या थापीनं वाळूच्या ढिगावर हात चालवून पाहो. एक दिवस त्यांनी पाहिलं. मले वाटलं मारतात. ते म्हणे, "हाथ अच्छा है बे तेरा. कोपर ढिली सोड." त्या दिवसापासून ते मले शिकवायले लागले. चोरून नाही, सगळ्यांसमोर. मुकादमाले ते आवडलं नाही.

आमी त्या कामाच्या आदल्याच साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. मायनं घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. रडली नाही. पण देव सोडले तरी नजर काही सोडली नाही. मी एकदा म्हटलं, "माय, आता हे मानायचं नाही." ती म्हणे, "देव नाही म्हणतात तर नसंल बावा. पण लोकाईचे डोये तर हायेत ना?" माह्या पाठचे दोन तिच्या पोटातच गेले होते, आणि ते गावभर सांगितलं म्हणून गेले, हे ती मरेपर्यंत धरून होती. म्हणून फाल्गुनात गिरजाले दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मायनं आमा दोघाले समोर बसवून सांगितलं, "तीन महिने भरल्याबिगर चुलीलेही सांगायचं नाही. सकूले नाही, मिस्त्रीले नाही, कोणाले नाही." गिरजानं मान हलवली. मीही हलवली. आमी तिघंच जाणत होतो. ते दिवस चांगले गेले. गिरजा चिंचेचा कोळ लपून खाये आणि मी पाहारा देओ. दुसरं काही नव्हतं आमच्यापाशी लपवायसारखं, तर त्याचंच सुख वाटे.

हॉलचा स्लॅब चैताच्या शेवटी ठरला. बिनखांबाचा एवढा मोठा स्लॅब म्हणजे इंजिनेर साहेबाच्या सुद्धा तोंडचं पाणी पळालेलं. खाली लाकडी बल्ल्यांचं जंगल उभं केलं होतं, त्याच्यावर फळ्या, फळ्यांवर सळयांची जाळी. आदल्या दिवशी गफूरभाईनं सगळ्यांना सांगितलं, "स्लॅब सुरू झाला की मधी कोणाचा बाप मेला तरी थांबायचं नाही." कारण असं की, माल अर्ध्यावर थांबला आणि वाळला की पुढचा माल त्याले धरत नाही. तिथं जोड राहते. जोडातून पाणी शिरते, सळई सडते, आणि बिनखांबाच्या हॉलात तसा जोड राहिला तर म्हातारे म्हणत तेच खरं होये. मग मले म्हणे, "किसन, कल पाटा तू पकड." पाटा म्हणजे लांब सरळ फळी, तिनं ओला माल सपाट ओढत न्यायचा. मिस्त्रीचं काम. मुकादम बाजूलेच होता. तो म्हणाला, "गफूरभाई, याले पाटा देता? उद्या वाकडं झालं तर साहेबाले काय सांगू, कोणाच्या हातचं हाये म्हणून?" गफूरभाईले बहुतेक अर्धंच ऐकू गेलं. ते म्हणे, "वाकडं झालं तर माही दाढी काप. सीधा झाला तर परसोंसे ये मिस्त्री."

त्या दिवशी घरी जाऊन मी गिरजाले सांगितलं. तिनं पीठ मळता मळता तसेच हात माह्या गालाले लावले.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू असतानाच नारळ फुटला आणि माल कालवायची मशीन सुरू झाली. खालून वर फळ्यांचा उतार, त्याच्यावर बायांची रांग. भरलेलं घमेलं एकीच्या हातून दुसरीच्या हाती, वर वर चढत जाये, रिकामं दुसऱ्या अंगानं खाली. सगळ्यांत वरची जागा सगळ्यांत अवघड. तिथं घमेलं कमरेपासून डोक्याच्या वर उचलून स्लॅबवर द्यावं लागे. त्या जागी उंच आणि तरुण बाई लागते. मुकादमानं रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "गिरजा, तू वर." मायनं माह्याकडे पाहिलं. मी मायकडे पाहिलं. काही बोलायचं तर कारण सांगा लागे, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. ताप आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. हे मले आज सुचते. साठ-पासष्ट वर्षं झाली, रोज नवं काही सुचते. पोट बिघडलं म्हणता आलं असतं, पाय मुरगळला म्हणता आलं असतं. त्या वेळी आमा तिघाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. गिरजा पदर खोचून वर गेली.

सकाळचं काम झकास झालं. बाया गाणं म्हणत होत्या, सकू खालून टोमणे फेकत होती, मशीन घरघरत होती. पाटा माह्या हातात असा चाले की मलेच नवल वाटे. गफूरभाई माह्या मागं मागं, थापीनं वाजवत, काही न बोलता. त्याईचं न बोलणं म्हणजे शाबासकी. इंजिनेर साहेब आले, खाली वाकून डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?" गफूरभाई म्हणाले, "मेरा आदमी." साहेब पुढे गेले. मुकादमाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी ते पाहून घेतलं. ते पाहत होतो म्हणून गिरजाचं तोंड पाहिलं नाही.

दुपार झाली. चैतातलं अकोल्याचं ऊन म्हणजे टिनावर पाणी टाकलं तर उकळी फुटावी असं. बायांचं गाणं बंद झालं होतं. मी पाटा ओढत गिरजाच्या अंगाले आलो, तेव्हा ती घमेलं ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "अवो, माह्या पोटात कळ येऊन राहिली. मले खाली जाऊ द्या."

मी मागं पाहिलं. गफूरभाई चार हातांवर होते, मुकादम उताराच्या तोंडाशी. शेवटचा कोपरा राहिला होता, रस्त्याकडचा, तोच गोल वळलेला. मी म्हटलं, "एवढा कोपरा होऊ दे. थोडंच राहिलं."

ती म्हणाली, "बरं."

घमेले येत राहिले. मी कोपऱ्याले लागलो. गोल कोपऱ्यात पाटा सरळ चालत नाही, फिरवत न्यावा लागते, जीव सगळा त्याच्यात. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली. या वेळी "अवो" नाही म्हणाली, नाव घेतलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तेव्हा. ती म्हणाली, "किसन." एवढंच. मी ऐकलं. मान वर केली नाही. माल सेट होऊन राहिला होता.

मग घमेलं पडल्याचा आवाज आला. माल फळ्यांवरून खाली सांडला. मुकादम ओरडला, "कोण हाये ते?" गिरजा फळीवर बसली होती, पोट दाबून. सकू वर धावली. "ऊन लागलं पोरीले! कांदा आना, कांदा फोडा!" चार बायांनी तिले खाली नेलं. माय मागून गेली. आणि उतारावरच्या बाया एक-एक जागा वर सरकल्या, गिरजाच्या जागी दुसरी आली, घमेलं पुन्हा चालू. पाणी पिऊन व्हावं एवढा वेळही रांग थांबली नाही. मीही थांबलो नाही. मले कोणी धरून ठेवलं नव्हतं. पाटा ठेवून उतरलो असतो तर गफूरभाईनं तो धरला असता, त्याईले काय येत नव्हतं का? मी कोपरा पुरा केला. तो कोपरा त्या साऱ्या स्लॅबमधला सगळ्यांत चांगला उतरला.

दिवस मावळायले काम संपलं. स्लॅबच्या दिवशी ठेकेदाराकडून जेवण असे. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची भाजी आणि तूप. मी झोपडीकडे गेलो तर माय दारातच, मधी लुगड्याचा पडदा. म्हणे, "आत्ता नको येऊ. बायाचं काम हाये." म्हणून मी पंगतीत जाऊन बसलो. दिवसभर पोटात काही नव्हतं. मी चार रोडगे खाल्ले. पाचवा हातात होता तेव्हा माय आली, माह्या मागं वाकली आणि कानात म्हणाली, "गेलं." मग म्हणे, "कोणाले सांगू नको. ऊन लागलं म्हणून सांग." सांगायचं नाही हे आधीही होतं आणि नंतरही. त्याच्यामुळं झालं असं की, आमच्या घरात एक मूल आलं आणि गेलं, त्याच्यासाठी कोणी दारात आलं नाही, कोणी जवळ बसलं नाही. सकू दोन दिवस कांद्याचा रस आणून देत होती, उन्हासाठी.

मी आत गेलो तेव्हा गिरजा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पलीकडून इंजनाचा आवाज चालू. मी बाजूले बसलो. ती तशीच, न वळता म्हणाली, "भेटला का मिस्त्रीचा मान?"

मी म्हटलं, "हो."

"बरं झालं," म्हणाली.

त्या दिवसावर आमा दोघातलं बोलणं एवढंच. पुढे जन्मभर नाही. दुसऱ्या दिवशी गफूरभाईनं सगळ्यांसमोर मले थापी दिली. पंधरा दिवसांनी गिरजाही कामावर आली. खालच्या मजल्याची फरशी घासायले बसे, ओली, हिरव्या-पांढऱ्या दाण्यांची, दगडानं घासून घासून आरशासारखी केली तिनं. वरच्या हॉलात मात्र ती कधी चढली नाही. उद्‌घाटनाले सगळ्या मजुरांना पेढे वाटले आणि वर नेऊन दिवे दाखवले, तेव्हाही नाही. म्हणे, "खालूनच दिसते मले." मी एकटाच गेलो आणि छताकडे पाहून हरखलो. दुसरं मूल व्हायले आठ वर्षं लागली. ती सुजाता. डॉक्टर म्हणे, आतून इजा झाली होती. मग तिसरं नाहीच.

माह्या हाताखाली नंतर पुष्कळ माणसं शिकली. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, कितीतरी स्लॅब टाकले. आमच्या वस्तीतली अकरा पोरं मी मिस्त्री केली. लोक मान देतात. या मानाचं काय करू ते आता समजत नाही.

या उन्हाळ्यात कळलं की ती इमारत पाडणार आहेत. कंपनी जाऊन कितीक वर्षं झाली, मग सरकारी मंडळाचं ऑफिस होतं, तेही नव्या जागेत गेलं. सुजाताले म्हटलं, एकदा घेऊन चाल. ती शाळेतून रिटायर झाली आहे, गाडी चालवते. चौकीदार भला माणूस, आत जाऊ दिलं. लाकडी काउंटर उपटून नेलं होतं, गोल खिडक्यांच्या काचा नव्हत्या, कबुतरांची घाण. गिरजानं घासलेली फरशी धुळीखाली होती, मी चपलेनं थोडी पुसून पाहिली. वर चढायले मले अर्धा तास लागला. हॉलात उभं राहून छताकडे पाहिलं. कुठं चीर नाही. कुठं ओल नाही. कोपऱ्यात तर नाहीच नाही.

मी ठरवून आलो होतो. म्हटलं, "सुजे, तुह्या आधी एक होतं. इथं गेलं."

ती म्हणाली, "मले माहीत आहे, बाबा."

मी विचारलं, "कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "मले पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आईनं सांगितलं होतं. मी म्हटलं, आताच नको कोणाले सांगायले, तर रागावली माह्यावर. म्हणे, आजच्या आज सासूले सांग, जावयाले सांग, शाळेत सांग. आई म्हणे, मी लपवलं होतं, म्हणून घात झाला. तुह्या बाबालेही सांगितलं नव्हतं मी. त्याईले माहीत असतं तर त्याईनं मले त्या उतारावर पायही ठेवू दिला नसता."

मी भिंतीले हात लावला. सुजाता म्हणाली, "बसता का, बाबा?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. तुमाले काय माहीत होतं." मी म्हटलं, "हो." तिथं, त्या हॉलात, माह्या लेकीसमोर मी "हो" म्हटलं. आणि जिना उतरून खाली आलो.

मी चौथी शिकलेला माणूस. माही ही पानं वहीत वाकडी-तिकडी असतात, सुजाताच ती घेऊन कॉम्प्युटरवर उतरवते आणि माह्या चुका दुरुस्त करते. हे प्रकरणही तीच उतरवील. म्हणून जे तोंडानं बोलता आलं नाही ते इथं लिहून ठेवतो. सुजाता, तुह्या आईनं तुले खोटं सांगितलं. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दुपारी तिनं मले दोनदा हाक मारली. मी दोन्ही वेळा ऐकली. बाकीच्या चुका दुरुस्त कर. हे आहे तसं राहू दे.